तिसावी बाई

नवतपा लागला की माझ्या दाराशी दोन गोष्टी येतात. एक उन्हाची झळ आणि दुसरे प्रबंध. झळ सगळ्याच नागपूरकरांकडे येते, तिचं काही कौतुक नाही. प्रबंध माझ्यासारख्या मास्तरणींकडे येतात. काळं रेक्झिनचं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं, आत तीनशे-साडेतीनशे पानं आणि वर विद्यापीठाचं पत्र, की तपासून अहवाल पाठवावा. मे संपता संपताचे हे नऊ दिवस. नवतपा जितका तापेल तितका पाऊस चांगला, असं आमची जुनी माणसं सांगतात. संशोधन करणाऱ्या पोरापोरींचं या दिवसांत काय काय तापतं, ते मात्र कुणी सांगत नाही. फेलोशिप संपत आलेली असते, गाइड गावाला जायच्या घाईत असतात, आणि दगडांवर लिहिणाऱ्यापासून देवांवर लिहिणाऱ्यापर्यंत सगळे याच दिवसांत आपले गठ्ठे आणून टाकतात.

भुतं रात्री निघतात असं जे म्हणतात न, त्यांनी आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बहावा पिवळाधमक फुललेला, पण त्याच्या सावलीत कुत्रंसुद्धा नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली. घराघरातून कूलरची एकच घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. मध्येच एखादी बाई स्कूटीवरून जाते. तोंड, डोकं, मान सगळं स्कार्फात गुंडाळलेलं, कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर गॉगल. सख्खी बहीण असली तरी ओळखू यायची नाही. ती हात हलवते, आपणही हलवतो, आणि मग घरी येऊन विचार करत बसतो, कोण होती बापा ही! मला या दुपारची भीती वाटते. अकरा वर्षं झाली, वाटते.

यंदा नवतपा लागता लागताच अशा एका दुपारी एक गठ्ठा फोडला. बुटीबोरीकडची मनीषा नावाची मुलगी, विषय गावोगावची पाणी साठवण्याची जुनी पद्धत. मी कुठलाही प्रबंध मागून वाचायला घेते. आधी परिशिष्ट, म्हणजे कुणाकुणाच्या मुलाखती घेतल्या त्यांची यादी. पहिल्या प्रकरणात कुणी खोटं बोलत नाही, तिथे सगळे मोठमोठ्या नावांच्या आडोशाला बसलेले असतात. खोटं असतं ते शेवटी, बारीक अक्षरांत. हे मला कसं ठाऊक, तेच सांगायला बसले आहे.

यादीत आठव्या ओळीवर नाव होतं: पंचफुलाबाई. वय बहात्तर. राहणार कळमेश्वरच्या पलीकडच्या एका गावात. कूलर समोर चालू होता, तरी माझ्या मानेवरून घाम उतरला. बहात्तर! वय अगदी बरोबर होतं. अकरा वर्षांपूर्वी मी तिला सोडलं तेव्हा ती एकसष्टची होती, आणि तिला एकसष्टची मीच केली होती. पंचफुलाबाई नावाची कोणी बाई त्या गावात नव्हती. माझ्या प्रबंधाला तीस बाया हव्या होत्या, एकोणतीस मिळाल्या, आणि तिसावी मी खुर्चीत बसून लिहून काढली होती.

आता ती माझ्याशिवायच अकरा वर्षांनी म्हातारी झाली होती.

तेव्हा आम्ही संशोधकांच्या खोलीत बसायचो. विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, एक लांबलचक खोली. भिंतीला लागून लोखंडी रॅक आणि त्यांत जुने प्रबंध, कुणी कधी न उघडलेले. खोलीत सगळ्या शाखांची खिचडी. वनस्पतीशास्त्राची वैशाली जुन्या वर्तमानपत्रांत गवतं वाळवत बसायची. भूगर्भशास्त्रातला फैयाज दगडांवर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचा. आणि मी समाजशास्त्राची; माझ्याजवळ बाया. उन्हाळ्यात घरातलं पाणी बाया कशा सांभाळतात, कोण आणतं, कोण आधी पितं, कोण शेवटी, हा माझा विषय. मुलाखत देणाऱ्या बाईला आमच्या भाषेत उत्तरदाती म्हणतात. वैशाली चिडवायची, "तुझं बरं आहे वं! तुझ्या बाया बोलतात तरी. माझं गवत पाहाय, दिवसभर तोंड नाही उघडत." मी म्हणायची, "पण तुझं गवत खोटं बोलत नाही न." बह्याडच होते मी, खुळी. त्या खोलीत शेवटी ना गवत खोटं बोललं, ना दगड, ना माझ्या एकोणतीस बाया.

आमचे सर नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातले. पिढ्यान्‌पिढ्या कागद सांभाळणारी माणसं. स्वभावाने देवमाणूस, पण आकड्याच्या बाबतीत पाषाण. "हे बघा, आराखड्यात तीस लिहून दिलेत, तीस मंजूर झालेत. तीस म्हणजे तीस. एकोणतीस म्हणजे अपूर्ण." मी म्हटलं, "सर, एका बाईनं काय होतं?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "एका बाईनं काय होत नाही, ते सांगा."

पंधरा दिवसांनी एका कॉलेजात माझी मुलाखत होती, आणि प्रबंध सादर केल्याची पावती नसेल तर तिथे उभंही करणार नव्हते. घरात बाबा. रेल्वेत खलाशी म्हणून, म्हणजे हमालीच्या कामावर, लागलेले, खलाशी म्हणूनच निवृत्त झाले. आमच्या अख्ख्या वस्तीत डॉक्टरेटपर्यंत पोचलेली मी पहिली पोरगी. बाबांनी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली एक फळी आधीच ठोकून ठेवली होती, प्रबंध ठेवायला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती रिकामी फळी दाखवायचे. "पोरगी लिहून राहिली. झालंच समजा."

तिसावी बाई ठरलेली होती. पण मी तिच्या गावी पोचले तर ती लेकीकडे निघून गेलेली. गावात लग्न, अर्धं गाव दुसऱ्या गावी. उरलेलं दार लावून झोपलेलं. नवतप्याचा सातवा दिवस, दुपारचे दोन. ओढणी डोक्याला गुंडाळून मी दारोदार हाका मारत फिरले. आतून खोकल्याचा आवाज यायचा, पण दार कोणी उघडायचं नाही. जीभ टाळूला चिकटली. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं व्हायला लागलं. गावाच्या शेवटाला एक घर होतं, निळ्या दाराचं, पुढे कडुनिंब. दाराला कुलूप, आणि कुलपाला इतका गंज चढलेला की किल्ली असती तरी उघडलं नसतं. पण अंगणात अर्धं जमिनीत पुरलेलं एक रांजण, वर लाकडी झाकण, झाकणावर उपडा पेला. झाकण सरकवलं. रांजण काठोकाठ भरलेलं.

मी तीन पेले प्यायले. इतकं गार पाणी मी आजतागायत प्यायलेली नाही. तिसरा पेला खाली ठेवताना माझं लक्ष गेलं. रांजणापासून त्या बंद दारापर्यंत ओली पावलं गेली होती. अनवाणी, लहान, बाईची. दाराकडे गेलेली; परत आलेली नव्हती. त्या उन्हात ओलं पाऊल किती टिकतं? माझ्या डोळ्यांदेखत ती एकेक करून वाळत गेली, आधी रांजणाजवळची, मग मधली, शेवटी उंबऱ्याजवळची. शेवटचं पाऊल वाळलं तशी मी पळत सुटले. त्या घराला लागून आणखी एक घर होतं, तिथे हाक मारायची राहिली होती. राहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, चांगल्या शुद्धीवर, मी मुलाखतीचा कोरा कागद पुढे ओढला आणि लिहायला बसले. ऊन लागलं होतं, ताप होता, हे मी मनाला नंतर पुष्कळ सांगितलं. पण बाई, ताप नव्हता मला. फैयाज समोर दगड धूत होता, वैशाली कुठल्याशा शेंगेचा फोटो काढत होती, आणि मी माणूस तयार करत होते. निळ्या दाराचं घर दिलं. हातावर माझ्या मेलेल्या आत्याचं गोंदण दिलं. पंचफुला हे नाव कुठून सुचलं कोण जाणे. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. माझ्या एकोणतीस बायांकडून उत्तर काढता काढता नाकी नऊ आले होते. "काय सांगू बाई, पानी भरतो अन् पेतो," झालं, संपलं. ही मात्र बोलायला लागली. मी प्रश्न लिहायच्या आत उत्तर तयार. घरातलं पाणी सगळ्यात शेवटी कोण पितं, या प्रश्नावर माझा हात सरसर चालला: "मी शेवटी पेतो खरं, पन सगळं नाही पेत. जो येनार आहे अन् आला नाही, त्याच्या वाटचं ठेवा लागते बाई. कोनी येनार असंल तं?"

वाचून माझ्याच अंगावर काटा आला. हे मला सुचलेलं नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

सरांनी प्रबंध वाचून तिसाव्या बाईखाली लाल रेघ मारली.  ते म्हणाले, "बाकी सगळं ठीकच आहे हो. पण ही बाई! ही बाई म्हणजे तुमचा प्रबंध आहे." तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही तिच्याबद्दलच विचारलं. मी सांगितलं, कशी दिसते, कशी बसते, पेला कसा पुसून देते. घडाघडा सांगितलं, कुठे अडखळले नाही. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. बाबांनी प्रबंध प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवला आणि वस्तीला पेढे वाटले.

रविवारी आम्ही विहारात जातो. सगळे मिळून पंचशील म्हणतात, पाच ओळी, लहानपणापासून तोंडपाठ. चौथी ओळ खोटं न बोलण्याची. त्या रविवारपासून चौथ्या ओळीला माझा आवाज निघेनासा झाला. ओठ हलवायचे, पाचवीला परत आवाज लावायचा. इतक्या लोकांत कुणाला काय कळतं!

आणि पंचफुलाबाई फिरायला लागली. आधी माझ्याच कॉलेजातल्या मैत्रिणीने बोलीभाषेवरच्या प्रबंधात तिचं वाक्य उदाहरण म्हणून घेतलं. तिथे ती वाक्य क्रमांक अमुक झाली. मग गृहविज्ञानाच्या एका मुलीच्या तक्त्यात गेली, ज्येष्ठ महिलांच्या रकान्यात. मग भूगोलाच्या एका पोराने नकाशा काढला, त्यात कळमेश्वरच्या पलीकडे एक निळा ठिपका, खाली टीप, की संदर्भ पंचफुलाबाई. पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्यांदा नाही आलं. खरी माणसं एका प्रबंधात एकदाच येतात आणि तिथेच रॅकवर पडून राहतात. ही मात्र शाखेशाखेतून अशी हिंडत होती, की एखाद्या घरात सगळे झोपलेत आणि कुणीतरी एकेका खोलीचं दार ढकलून पाहतंय. मला तिची पावलं दिसायला लागली. आंघोळ करून निघाले की मी आजही मागे वळून फरशीकडे पाहत नाही. स्कार्फ गुंडाळलेली कुणी बाई रस्त्यावर माझ्याकडे बघून हात हलवते, तर मी हलवत नाही. न जाणो.

तर यंदाची ती दुपार. मनीषाच्या प्रबंधातलं ते पान मी उघडलं. सुरुवात माझ्यासारखीच होती, निळं दार, गोंदण. मग एक परिच्छेद नवा होता. पंचफुलाबाई म्हणत होती: "एक पोरगी आली होती नवतपात. माह्या रांजनातलं पानी पेली. दाराले हाक नाही मारली, माहं नाव नाही विचारलं, निंगून गेली. तिचीच वाट पाहून राहिली मी."

अवं माय!

पाणी प्यायल्याचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. प्रबंधात नव्हतं, डायरीत नव्हतं. वैशालीला नाही, बाबांना नाही. मी उठून घराचं दार लावलेलं आहे का ते पाहिलं. लावलेलं होतं. मग कूलर बंद केला, कारण त्या घरघरीच्या आड कुणी बोललं तर ऐकू येणार नाही असं वाटलं. आणि मग तो चालूही करवेना. संध्याकाळपर्यंत मी तशीच बसून होते.

परीक्षकाने विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेआधी भेटायचं नसतं. मी भेटले. त्याच वरच्या खोलीत बोलावलं. खोली तशीच आहे. आता मुलं लॅपटॉप घेऊन बसतात, पण रॅक तेच. मनीषा स्कार्फ सोडत आत आली, आणि तो पूर्ण सुटेपर्यंत, खोटं कशाला सांगू, मी खुर्चीची कड सोडली नव्हती. निघाली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक सावळी, घाबरलेली पोरगी.

"या पंचफुलाबाई भेटल्या तुला?"

"हो मॅडम."

"हातावर काय आहे त्यांच्या?"

"गोंदण आहे न मॅडम. विंचवाचं."

विंचू माझ्या आत्याच्या हातावर होता, आणि तिथून माझ्या प्रबंधात गेला होता. मी तिच्या प्रबंधातलं ते पान तिच्यापुढे उघडून ठेवलं. फार वेळ लागला नाही. तिचे डोळे भरले. "मॅडम, एकच आहे. बाकी सगळ्या खऱ्या आहेत, शप्पथ. तुमचा प्रबंध घेऊनच गेली होती मी त्या गावाले. सगळ्याइले विचारलं, पंचफुलाबाईचं घर कोणतं. लोक म्हणे असं कोणी नाही. मंग निळं दार म्हटलं तं घर दाखवलं. कुलूप होतं. मले वाटलं, मी उशिरा पोचली, म्हातारी मरून गेली असंल. तुमच्याशी बोलली होती, माझ्याशीही बोलली असती न? असं समजून लिहून टाकलं."

"आणि ती पोरगी? पाणी पिऊन गेलेली?"

"ती मीच न, मॅडम." ती ओढणीने नाक पुसत म्हणाली. "भल्ली तहान लागली होती. पेली, अन् मंग हाक मारायची हिंमत नाही झाली. ओले पाय दिसले न मले. दाराकडे जाऊन राहिले होते, वापस आले नव्हते."

 खिडकीबाहेर ऊन असं पांढरं होतं की पलीकडची इमारत दिसत नव्हती. ती रडत रडत म्हणाली, "माझे बाबा कंपनीत उभ्याने बारा तास काढतात, मॅडम. आता माझं काय करता?"

काय करणार होते मी? खोटी मुलाखत म्हणून अहवाल लिहिला असता तर पोरगी बुडाली असती, आणि तेच पाप करून मी खुर्चीवर बसून न्याय केला असता. नसता लिहिला, तर पंचफुलाबाई पुढे निघाली असती. लिहिलेली बाई मरत नाही. कुणीतरी तिला वय वाढवून देत राहतं. आणखी काही वर्षांनी आणखी एक पोरगी, उन्हाने डोळ्यांपुढे पिवळं झालेली, तिच्या दाराशी उभी राहिली असती. मला लाज वाटली. भीतीपेक्षा लाज मोठी निघाली, हेच माझ्या अकरा वर्षांत पहिल्यांदा झालं.

"मनीषा," मी म्हटलं, "ती मलाही भेटली नव्हती."

तिचं रडणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग रॅककडे, जिथे माझा प्रबंध होता. अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मंग मॅडम, आपण दोघींनी लिहिली ती कोण आहे?"

घरी येऊन बाबांना सांगितलं. आता थकलेत, कूलरसमोर बनियनवर बसून असतात. मी जमिनीवर बसून सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. मग म्हणाले, "चौथ्याले तुझा आवाज येत नव्हता. अकरा वर्षं झाली, ऐकून राहिलो मी."

"काहून नाही विचारलं मग?"

"तुले सांगायचं होतं. मी काहून विचारू?"

भिंतीला धरून ते उठले. फळीवरून प्रबंध काढला, प्लास्टिकवरची धूळ तळहाताने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घेऊन जाय. दुरुस्त झाला की ठेवू वापस." फळी रिकामी झाली. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं.

विद्यापीठाला पत्र दिलं आहे. उत्तरदाती क्रमांक तीस ही मी रचलेली आहे, तिच्यावर उभे असलेले माझे निष्कर्ष मागे घेते, असं. मनीषाने आपल्या प्रबंधातून ती मुलाखत काढायचा अर्ज केला. तिला दुरुस्तीला वेळ द्यावा असं मी लिहिलं, आणि परीक्षक म्हणून माझं नाव काढावं असंही लिहिलं. पदवी जाईल, नोकरी जाईल की नुसतीच समिती बसेल, ठाऊक नाही. पाहू. 

मग नवतप्याच्या आठव्या दिवशी आम्ही दोघी त्या गावाला गेलो.

निळं दार तसंच, गंज जास्त. कडुनिंब वाढलेला. पण या वेळी मी रांजणाला हात लावला नाही. शेजारच्या घराचं दार वाजवलं, जे माझं राहून गेलं होतं. दार लगेच उघडलं. ऐंशीच्या पुढची एक आजी, डोक्यावर पदर, हातात फडकं. आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "पंचफुलाचं रांजन पाहाले आल्या काय?"

 मनीषाने माझा हात घट्ट धरला.

"पंचफुला होती इथे, आजी?"

"आता तेच म्हनतो आमी. मागच्या साली पोरगी विचारत आली न, पंचफुलाचं घर कोनतं, पंचफुलाचं घर कोनतं. तवापासून तेच पडलं." तिने मनीषाला ओळखलं नव्हतं. मग तिने सांगितलं ते असं: त्या घरात खरोखरच एक बाई राहायची, एकटीच. उन्हाळाभर रांजण भरून ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मी पहिल्यांदा आले त्याच्याही कितीतरी आधी. तेव्हापासून गावातल्या बाया पाळीपाळीने भरतात. ज्या घरची पाळी तिने रांजण भरायचं, मग दारापर्यंत जाऊन तिला सांगून यायचं, भरलं म्हणून. सांगितल्याशिवाय भरल्यात जमा नाही.

"नाव काय होतं तिचं? खरं?"

आजीने डोळे मिटले. बराच वेळ ओठ हलत राहिले. "होतं न वं काही तरी. चांगलं नाव होतं. आता आता पावतर येत होतं तोंडात." मग डोळे उघडून, जराशी लाजून म्हणाली, "नाही येत. पंचफुलाच येते."

भुताची भीती मी अकरा वर्षं बाळगली. ही तिच्याहून वाईट होती. एक बाई खरी होती, तिला नाव होतं, आणि मी टेबलावर बसून रचलेल्या नावाने ते पुसून टाकलं होतं, माणसांच्या तोंडातून. आता ते कुठल्याच रॅकमध्ये सापडणार नाही.

त्या दिवशी पाळी आजीचीच होती, आणि तिचे गुडघे धड नव्हते. घागरी आम्ही दोघींनी आणल्या. रांजण भरलं, काठावरून सांडलं, माझे पाय भिजले. चपला मी आधीच काढल्या होत्या. "जाय, सांगून ये," आजी म्हणाली. मी दारापर्यंत चालत गेले. गंजलेल्या कुलपावर हात ठेवला. आत अंधार असावा, काही दिसत नव्हतं, पण कोणीतरी ऐकतंय असं मला स्पष्ट वाटलं, आजही वाटतं. मी म्हटलं, "भरलं माय. मी अकरा वर्षांपूर्वी येऊन गेले होते. तुमचं पाणी प्यायले. तुमचं नाव विचारलं नाही, खोटं लिहिलं. जे तुम्ही बोलल्या नव्हत्या ते तुमच्या तोंडी घातलं. मी खोटं बोलले." एवढं एका दमात म्हटलं, आणि माझा आवाज मला ऐकू आला.

आतून काही आलं नाही. वळून पाहिलं तर रांजणापासून दारापर्यंत माझी ओली पावलं होती. मी परत निघाले. तोवर पाय वाळले होते. दाराकडे गेलेलीच तेवढी दिसत होती.

"सांगतलं काय?"

"सांगतलं."

"मंग पे आता." आजीने पेला पुसून मनीषाला दिला, मग स्वतः प्यायली, मग मला भरून दिला. तेच गार पाणी. मला इतकी तहान लागली होती की मी पेला उलटा करणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"सगळं नको संपवू वं," ती म्हणाली. "थोडं ठेवा लागते. कोनी येनार असंल तं?"

पेला माझ्या हातात तसाच राहिला. हे वाक्य मी लिहिलं होतं, त्या तापलेल्या खोलीत, दगड आणि गवताच्या मध्ये बसून. ही बाई तेव्हाही या दाराआड होती. मी आणखी एक हाक मारायला हवी होती.

मी पेला खाली ठेवला, ओले हात साडीला पुसले, पिशवीतून मुलाखतीचा कोरा कागद काढला आणि तिच्या पायाशी बसले.

"आजी, नाव काय जी तुमचं?"

तिने सांगितलं. मी पुन्हा विचारलं, आणि तिने पुन्हा सांगितलं. मग लिहिलं.